पान्याला हात घालण्याआधी

पिशवी घेतलीस ते बरं केलंस, पण आधी तिच्यातलं निम्मं सामान बाहेर काढ. तो चकचकीत डब्यातला संच घरीच राहू दे. आपल्या कामाला त्यातलं थोडंच लागतं, आणि जे लागतं ते नेमकं त्यात नसतं. दोन पाईप पाने घे. एक नाही, दोन. का ते पुढे सांगतो. पक्कड, टेस्टर, चपट्या आणि फुलीच्या तोंडाचे पेचकस, हातोडी, छिन्नी, एक्सा ब्लेड, मीटर टेप, लेव्हल, टेफ्लॉन, दोन-चार मापांचे वायसर, खडू, टॉर्च. आणि फडकं. फडकं विसरलास तर जिन्यातून परत फिर, कारण दुसऱ्याच्या घरातलं फडकं मागणारा कारागीर त्या घरच्या बाईच्या मनातून तिथेच उतरतो.

पाने नवे घेऊ नकोस. रविवारी जुन्या बाजारात जा, जुन्या पोलादाचा पाना हातात घेऊन दात झिजलेत का ते बोटाने चाचपून बघ. जबडा हलवल्यावर लटपटला तर खाली ठेव. वायसर-टेफ्लॉन बोहरी आळीतून घाऊक घे. टेस्टर मात्र तपकीर गल्लीतून नवाच, आणि दर दसऱ्याला बदलायचा. खंडेनवमीला हत्यारं धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून पाटावर मांडशील तेव्हाच कोणतं हत्यार वर्षभर हातात आलं नाही ते कळेल. ते पुढच्या वर्षी पिशवीत नको.

आता मुद्द्याचं. आयटीआयमध्ये तुला जे शिकवलं ते सगळं खरं आहे. पण तिथे बिघडलेली वस्तू टेबलावर असते, इथे ती कोणाच्या तरी तोंडून कळते. घरातला माणूस काय बिघडलंय ते सांगत नाही, त्याला काय दिसलं ते सांगतो. ‘गीझर गेला’ म्हणजे पाणी कोमट येतंय. ‘पाईप चोंदला’ म्हणजे धार बारीक झाली. त्यावर विश्वास ठेवायचा, पण त्या शब्दावर पान्याला हात घालायचा नाही. आधी विचार. धार एकाच नळाला बारीक आहे की सगळ्यांना? एकालाच असेल तर तोंडाची जाळी काढून बघ, नव्वद टक्के काम तिथेच संपेल. सगळ्यांना असेल तर गच्चीवर जा, टाकीखालचा व्हॉल्व्ह कोणीतरी अर्धा फिरवून ठेवलेला असतो. गरम पाण्याचीच धार बारीक असेल तर गीझरकडे बघ. कधीपासून, हेही विचार. ‘रंगकाम झाल्यापासून’ असं उत्तर आलं की अर्धा शोध लागला.

पाणी कुठलं येतं ते तर विचारच. पेठेत खडकवासल्याचं पाणी येतं, ते मऊ. वाघोलीकडे टँकरचं नाही तर बोअरचं, त्यात क्षार. तिकडच्या नळाच्या जाळीवर पांढरा थर चढतो, शॉवरची निम्मी भोकं बुजतात, गीझरच्या कॉइलवर खडूसारखं कवच बसतं. जाळी पिनेने खरवडू नकोस. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवायला सांग, सकाळी जुन्या टूथब्रशने साफ होते. हे काम ते स्वतःच करतील आणि तुला पैसे मिळणार नाहीत. मिळू नयेतच.

नळाकडे येऊ, कारण तुझी निम्मी हजेरी नळालाच जाणार आहे. गळणारा नळ. सेकंदाला एक थेंब म्हटला तरी दिवसाला पंधरा-वीस लिटर जातात. घरच्यांना ते माहीत नसतं, त्यांना रात्री टपटप ऐकू येते म्हणून ते बोलावतात. आधी खालचा अँगल कॉक बंद कर. जुना अँगल कॉक फिरतो, पण बंद होत नाही, म्हणून बंद केल्यावर नळ पूर्ण उघडून धार थांबली का ते डोळ्यांनी बघ. थांबली नाही तर गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करायला लागेल. त्याआधी त्या लाइनवरच्या घरांना सांग. कोणीतरी अंगाला साबण लावून बसलेलं असतं.

धार थांबली की बेसिनच्या भोकावर फडकं ठेव. बारीक स्क्रू त्या भोकातच जातात, दुसरीकडे कुठेही जात नाहीत. मग वरची टोपी, स्क्रू, मूठ, आणि आतला स्पिंडल. जुना पितळी नळ असेल तर खाली काळा वायसर दिसेल, मधोमध गोल चर पडलेला. नवा टाकण्याआधी नळाच्या आत करंगळीचं टोक फिरव. जिथे वायसर टेकतो ती कडा खडबडीत लागली तर नवा वायसर दोन महिन्यांत पुन्हा चिरेल. मग ते गिऱ्हाइकाला आत्ताच सांग, दोन महिन्यांनी नको. पाव फेऱ्यात उघडणारा नवा नळ असेल तर वायसर शोधत बसू नकोस. आत चिनी मातीच्या चकत्यांचं कार्ट्रिज असतं, ते अख्खं बदलायचं. जुनं काढून दुकानात घेऊन जा. कंपनी-कंपनीचं माप वेगळं, अंदाजाने आणलंस तर तीन फेऱ्या होतील.

आता दोन पान्यांचं. भिंतीतून आलेल्या पाईपवर काही फिरवायचं असेल, शॉवरचा दांडा म्हण, जुना नळ म्हण, तेव्हा एका पान्याने मागचा भाग धरायचा आणि दुसऱ्याने पुढचा फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावलास तर तो जोर भिंतीतल्या एल्बोपर्यंत जातो. आता भिंतीत सीपीव्हीसी असतं, म्हणजे प्लॅस्टिक. ते आत फुटलं की आवाजसुद्धा येत नाही. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे जोशी-कुलकर्णी कोणी असतील ते वर येतात, आणि मग टाइल फोडावी लागते. शंभर रुपयांच्या नळापायी.

टेफ्लॉन नळ ज्या बाजूला फिरतो त्याच बाजूने गुंडाळायची, उलटी गुंडाळलीस तर घट्ट करताना सुटत जाते. पहिला आटा मोकळा सोड. बाजारातली टेप पातळ असते, दहा-बारा वेढे लागतात. नळ घट्ट झाला, पण तोंड तिरकं राहिलं म्हणून अर्धा फेरा मागे आणलास, तर काढ आणि पुन्हा गुंडाळ. मागे आणलेला नळ आज गळत नाही, परवा गळतो. आमच्या वेळी सुतळी आणि सफेदा असायचा. लोखंडी पाईपवर त्याच्यासारखं काही नाही असं मी अजून म्हणतो; तू माझं ऐकू नकोस, कारण आता लोखंडी पाईपच राहिले नाहीत.

फ्लशच्या टाकीचं फार बोलत नाही. पाणी गळतंय का कळत नसेल तर टाकीत निळ्या शाईचे थेंब टाक आणि अर्धा तास कोणालाही आत जाऊ देऊ नकोस. भांड्यात निळं उतरलं तर तळाचा वायसर गेला.

विजेचं मात्र सावकाश ऐक. मेन स्विच पाडला म्हणजे घरात वीज नाही, असं धरून चालू नकोस. हल्ली घराघरात इन्व्हर्टर आहे. मेन पडल्याबरोबर तो चालू होतो आणि पंखे-दिव्यांच्या तारांत पुन्हा वीज येते. म्हणून आधी विचारायचं, ‘काकू, इन्व्हर्टर आहे का?’ असेल तर तोही बंद. मग टेस्टर. पण टेस्टर आधी चालू असलेल्या पॉइंटला लावून दिवा लागतो ना ते बघ, मग कामाच्या जागी लाव. मेलेला टेस्टर आणि मेलेली तार सारखेच दिसतात. जुन्या वाड्यांत आणि एकेकाळी कोणीही जोडून दिलेल्या वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर टाकलेला सापडतो. बटण बंद, दिवा बंद, आणि होल्डर जिवंत. त्यामुळे बटणावर विसंबायचं नाही.

पंखा हळू फिरतोय, नाही तर सुरूच होत नाही, ही तक्रार रोज येईल. बटण चालू करून काठीने पात्याला हलका धक्का दे. धक्क्यानंतर फिरायला लागला तर कपॅसिटर. बहुतेक पंख्यांना अडीच मायक्रोफॅरडचा लागतो, पण जुन्यावर छापलेला आकडा वाचूनच नवा घे. वाऱ्याला जोर यावा म्हणून मोठा घालणारे आहेत, मोटर तापते आणि जळते. वर चढलाच आहेस तर हुकाचं रबर आणि बोल्टातली पिन बघून ये. ती पिन नसलेले पंखे मी डोक्यावर फिरताना बघितलेत, आणि खाली पाळणा.

गीझर साधारण दोन हजार वॉटचा, म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो. त्याला सोळा अँपिअरचाच सॉकेट हवा. पिन काळी पडली असेल तर नुसती पिन बदलून पैसे घेऊ नकोस. सॉकेट ढिला झालाय, तो बदल. बोर्डापर्यंतचं काम आपलं. नवीन लाइन टाकणं, मीटरकडचं काही, अर्थिंग नवं करणं हे परवानावाल्या वायरमनचं. मीटरच्या सीलला तर बोटसुद्धा लावायचं नाही, कोणी कितीही गोड बोललं तरी.

ड्रिलचं थोडक्यात. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक नाही, तार तिथूनच जाते. टाइलवर आधी चिकटपट्टी लाव आणि हॅमर बंद ठेव. भोकाखाली जुनं पाकीट चिकटव, भुकटी त्यात पडते. ती भुकटी बघत जा: लाल म्हणजे वीट, प्लग धरेल. राखाडी आणि बिट पुढे जात नाही म्हणजे काँक्रीटचा कॉलम. पांढरट आणि बिट लोण्यासारखं आत गेलं तर हलक्या ब्लॉकची भिंत, तिथे साध्या प्लगवर टीव्ही टांगू नकोस. आणि हे पुणं आहे, दुपारी एक ते चार ड्रिल काढायचं नाही.

ओल आली म्हणून बोलावलं की लोकांना रंग हवा असतो. रंगाने ओल झाकते, जात नाही. विचार: पावसाळ्यातच येते की बारा महिने? पावसाळ्यातच असेल तर बाहेरच्या भिंतीची भेग किंवा गच्ची. बारा महिने असेल तर पाईप. अंघोळी झाल्यावर वाढत असेल तर न्हाणीचा ट्रॅप नाही तर टाइलमधल्या फटी, आपल्या किंवा वरच्यांच्या. तरी कळेना, तर भिंतीवर प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटवून एक-दोन दिवस ठेव. थेंब आतल्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला, तर तो हवेतला दमटपणा. वरच्यांच्या न्हाणीचं निघालं तर ते तू वर जाऊन सांगू नकोस. सोसायटीच्या सेक्रेटरीला सांग आणि बाजूला हो.

दाराचं श्रावणात सगळ्यांना एकच हवं असतं, रंधा मार. मारायचा नाही. लाकूड फुगलंय, दिवाळीनंतर आपोआप बसेल, आणि आत्ता तासलंस तर उन्हाळ्यात फट पडेल. आधी वरची बिजागरी बघ. स्क्रू ढिले झाले की दार पुढच्या बाजूला खाली लोंबतं आणि फरशीला घासतं, लोक म्हणतात फुगलं. भोक मोठं झालं असेल तर काडेपेटीच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून आत ठोक, वाळू दे, मग स्क्रू मेण लावून बसव. खरंच घासत असेल तर चौकटीला खडू लाव, दार लावून उघड, खडू जिथे दारावर उतरला तेवढंच पॉलिशपेपरने काढ.

पैसे आधी सांग. नुसतं बघायला येण्याचे किती आणि काम झालं तर किती, दोन्ही. सामानाचं बिल दुकानाचंच दे. दुकानदार तुला वर काही देऊ म्हणेल, घेऊ नकोस, तेवढं बिलात कमी करायला सांग. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात दे. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांकडे दार उघडं ठेवून काम कर. त्यांचा मुलगा अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर येईल आणि ‘ते खोलून दाखवा’ म्हणेल. दाखव. त्याला तिथून दुसरं काय करता येणार? फक्त फोन आजींना धरू देऊ नकोस, शिडीखाली त्यांना उभं करायचं नाही.

आणि गॅसला हात लावायचा नाही. शेगडी, रेग्युलेटर, पाईप, ‘जरा वायसर बघ ना’ म्हटलं तरी नाही. ते एजन्सीचं काम. आत शिरताच वास आला तर बटण दाबू नकोस, चालू असलेलं बंदसुद्धा करू नकोस, बेलही वाजवू नकोस. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, सगळ्यांना बाहेर. तक्रारीचा नंबर 1906, तो आत्ताच मोबाइलमध्ये घाल. लावायचा मात्र जिन्यात जाऊन, स्वयंपाकघरात उभं राहून नाही.