घोड्यावरून दोन दिवस: आधी पाण्याचं पाहा

प्रश्न: सॅन होजेला राहतो. वर्षभर घोडेस्वारी शिकलो. हेन्री डब्ल्यू. को स्टेट पार्कमध्ये घोडा नेऊन एक रात्र तंबूत राहावं का?

उत्तर: जरूर राहा, पण उन्हाळ्यात नको. सुमारे 87,000 एकरांच्या या डोंगराळ रानात उन्हाळ्यात ओढे आटतात आणि पारा अनेकदा 38 अंशांवर जातो. घोड्याला एरवीही दिवसाला वीस-तीस लिटर पाणी लागतं. एप्रिल उत्तम. तरी कुठल्या झऱ्याला पाणी आहे, हे निघण्यापूर्वी पार्कच्या कार्यालयात विचाराच.

इथले चढ छातीवर येणारे आहेत. चढताना खोगीर मागे सरकतं, म्हणून दहा मिनिटं चालल्यावर उतरून तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, पुन्हा आवळा. तंगाखाली बोटं घालून पाहा. कातडीला चुणी पडली असेल तर संध्याकाळपर्यंत तिथे जखम होते. मुक्कामी खोगीर उतरवलं की तीच जागा आधी तपासा, मग खरारा करा. घामाचं मीठ राहू देऊ नका.

रात्री घोडा थेट झाडाला बांधू नका. तो खुरांनी मुळं उकरतो, सालही कुरतडतो. दोन झाडांना रुंद पट्टे गुंडाळून त्यांच्यामध्ये घोड्याच्या डोक्याहून उंच दोर ताणा आणि घोडा त्या दोराला बांधा.

आणखी एक. तीन-तीन पानांच्या पॉयझन ओक या झुडपांमधून गेलेल्या घोड्याच्या अंगाला त्याचं तेल लागतं. घोड्याला सहसा काही होत नाही, पण थोपटणाऱ्या हाताला फोड येतात. हातमोजे न्याच.