क्रूस एकट्या आईनेच का वाहावा?

प्रश्न : आमच्या नऊ वर्षांच्या मुलाला तीव्र सेरेब्रल पाल्सी आहे. त्याचं सगळं आईच करते. चर्चमधले काही जण म्हणतात, हा देवाने दिलेला क्रूस आहे, तिनेच तो वाहावा. – एक वाचक, पवनानगर

उत्तर : हे मला मुळीच मान्य नाही. योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय 9) येशू जन्मांधाच्या अंधत्वाचा दोष त्याच्यावरही ठेवत नाही, आईबापांवरही नाही. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात तर पक्षाघाती माणसाला चौघे जण उचलून आणतात, छप्पर उघडून खाली सोडतात. तिथे करुणा चौघांच्या हातांत आहे. आपल्याच जिल्ह्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये अंध मुलींना ब्रेल शिकवलं गेलं. तेही एकटीदुकटीचं काम नव्हतं. आईइतकं दुसऱ्या कोणाला जमणार, असं कोणी म्हणेल. पण भरवताना मुलाला टेकवून बसवणं, मान किंचित पुढे ठेवणं, लहान घास देऊन तो गिळेपर्यंत थांबणं, रात्री कूस बदलणं, हे फिजिओथेरपिस्टकडून शिकता येतं. वडिलांनी आधी शिकावं, मग चर्चमधल्या दोघांनी. सरकारी मदत घेतली म्हणजे श्रद्धा उणी पडली, असंही नाही. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अशा मुलाला 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. निरामय योजनेत एक लाखापर्यंत आरोग्यविमा मिळतो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आधी काढा, आणि आईला आठवड्यातली एक दुपार पूर्ण मोकळी द्या.