टोमॅटोचे बी धरणे : परसबागेतील एक पाठ

मी शाळेवर असताना परसबागेतील संकरित टोमॅटोचे बी धरले होते. पुढील वर्षी झाडागणिक निराळी फळे आली. "गुरुजी, असे का?" या मुलांच्या प्रश्नास मला तेव्हा उत्तर देता आले नाही. ते उत्तर हाच आजचा पाठ होय.

संकरित वाणाचे गुण पुढील पिढीत विखुरतात. गावरान किंवा सरळ वाणाचे बी मात्र मूळ झाडासारखेच फळ देते. कारण टोमॅटोच्या फुलात बहुतांशी स्वपरागीभवन होते. म्हणून प्रथम गावातील जुन्या परसांतून असे वाण मुलांकडून शोधून घ्यावेत.

कृती : निरोगी झाडांवरील पूर्ण पिकलेली फळे निवडावीत. गर बियांसह भांड्यात काढून २-३ दिवस आंबू द्यावा. बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण उगवण रोखते. ते आंबण्याने सुटते. मग पाणी घालून ढवळावे व तळाशी बसलेले बी धुऊन सावलीत वाळवावे. वाणाचे नाव, ज्या घरून तो मिळाला ते घर व वर्ष चिठ्ठीवर लिहून बी कोरड्या बाटलीत ठेवावे.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढताही गावरान बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

बी काही वर्षेच उगवणक्षम राहते. एखाद्या आजीबाईंच्या परसातील शेवटचे झाड वाळण्यापूर्वी आपल्या शाळेतील बाटली भरलेली असावी.