पानशेतचा धडा

शनिवार पेठेत ओंकारेश्वराजवळ उन्हाळ्यात उभे राहून मुठेचा क्षीण प्रवाह पाहिला, म्हणजे ही नदी कोणास इजा करील असे मनातही येत नाही. परंतु बुधवार, ता. १२ जुलै १९६१ रोजी याच नदीने काठच्या पेठांत शिरून शेकडो वाडे जमीनदोस्त केले व हजारो कुटुंबे उघड्यावर आणली. त्या दिवसाच्या करुण हकिकती अनेक घरांतून आजवर सांगितल्या जातात. आम्हांस येथे एवढेच पाहावयाचे आहे की, हा अनर्थ घडला कसा, आणि त्यापासून आपल्या नित्याच्या कामाकरिता काय शिकावे.

पुण्याच्या नैर्ऋत्येस आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. ते ठरल्या मुदतीच्या आधीच पुरे करण्याची घाई झाली आणि त्याच पावसाळ्यात त्यात पाणी साठू लागले. पाणी सोडण्याच्या मोरीचे दरवाजे व ते चालविण्याची यंत्रसामग्री यांचे काम मात्र अपुरे होते. पाऊस मुसळधार लागला. येणारे पाणी फार, जाणारे थोडे. मोरीतून वेगाने सुटणाऱ्या प्रवाहाने तिला हादरे बसू लागले आणि तिच्यावरील बांध खचू लागला. ११ तारखेच्या रात्री लष्कराच्या जवानांनी भर पावसात पोत्यांची रास रचून धरण सकाळपर्यंत तगविले. लोंढा रात्री न येता दिवसा आला, हे त्यांचे पुण्यावर मोठेच उपकार होत. सकाळी धरण फुटले. खाली खडकवासल्याचे १८७९ साली पुरे झालेले दगडी धरणही त्या भाराने फुटले, आणि दुपारी पेठा पाण्याखाली गेल्या.

पाऊस मनुष्याच्या हाती नव्हता, हे खरे. परंतु घाई मनुष्याची होती. अपुऱ्या कामावर पुऱ्या कामाचा भार घालणे हेही मनुष्याचेच होते. पानशेत फुटल्यापासून शहरात पाणी चढेपर्यंत काही तास हाती असता, नदीकाठच्या पुष्कळ लोकांस वेळेवर निश्चित इशारा मिळाला नाही, हे सर्वांत शोचनीय होय.

येथे कोणी म्हणेल, ‘माणसे दक्ष असती तर असे न होते.’ पण केवळ दक्षतेवर विसंबणे पुरेसे नाही. १९३५ साली अमेरिकेत बोइंग कंपनीच्या एका नव्या विमानाची परीक्षा चालू होती. वैमानिक अत्यंत कुशल. तरी सुकाणूची अडकण काढावयाची राहून गेली आणि विमान उडताच कोसळले. त्यानंतर उड्डाणापूर्वी प्रत्येक गोष्ट लेखी यादीवरून पडताळून पाहण्याचा प्रघात दृढ झाला. मनुष्य थकतो, विसरतो, ‘दुसऱ्याने पाहिले असेल’ असे गृहीत धरतो. वडील माणसापुढे बोलण्यास संकोचतो. हा स्वभाव ओळखून, एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेस येईल अशी कामाची रचना करणे, हाच सुरक्षिततेचा खरा मार्ग होय.

विद्यार्थिमित्रहो, ही गोष्ट केवळ धरणांची नव्हे. प्रयोगशाळेतील ग्यासचा नळ बंद झाला की नाही, संमेलनाच्या मंडपात विजेची तार उघडी आहे काय, सहलीहून निघताना मुलांची मोजणी झाली काय, हे ‘झाले असेल’ म्हणून सोडू नये. ज्याचे काम त्याने करावे आणि दुसऱ्याने ते स्वतः पाहून खात्री करावी. इयत्ता पाचवीतील मुलासही ‘गुरुजी, ही तार उघडी आहे’ असे निर्भयपणे म्हणता आले पाहिजे. आणि गुरुजींनी त्यास गप्प न बसविता शाबासकी दिली पाहिजे. पालकांसही आमची हीच विनंती आहे. मुलाने घडलेली चूक आपण होऊन सांगितली, तर आधी त्याच्या खरेपणाचे कौतुक करावे, बोलणे मागाहून. ज्या घरात चूक सांगितल्याबद्दल मार बसतो, तेथे चुका थांबत नाहीत. त्या लपतात मात्र.

वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा प्रभू येशूचा दृष्टांत आपण शाळेत ऐकतोच. पूर यावयाच्या आधी दोन्ही घरे सारखीच दिसत होती. पाया कसा आहे हे पाहण्याची वेळ तीच होती.