गुलाबांचीं युद्धें

इ. स. १४५५ पासून १४८७ पर्यंत इंग्लंडांत लँकॅस्टर व यॉर्क या दोन राजघराण्यांत जीं युद्धें झालीं, त्यांस गुलाबांचीं युद्धें म्हणतात. पांढरा गुलाब हें यॉर्क घराण्याचें एक चिन्ह होतें. तांबड्या गुलाबाची प्रसिद्धि मात्र मागाहून, ट्यूडर राजांच्या काळीं झाली. आणि हें नांव तर एकोणिसाव्या शतकांत रूढ झालें. लढायांच्या तारखा विद्यार्थी पाठ करितातच. परंतु हा कलह उद्भवला कां व मिटला कसा, हें समजून घेणें आम्हांस अधिक अगत्याचें वाटतें.

दोन्ही घराणीं तिसऱ्या एडवर्ड राजाच्या वंशांतलीं. तेव्हां ही भाऊबंदकीच होय. १३९९ सालीं लँकॅस्टरच्या हेन्रीनें आपला चुलतभाऊ दुसरा रिचर्ड यास पदच्युत करून गादी बळकाविली. त्याचा नातू सहावा हेन्री १४२२ सालीं राजा झाला, तेव्हां तो नऊ महिन्यांचाहि नव्हता. पुढें १४५३ सालीं कॅले शहराखेरीज फ्रान्समधील सारा मुलूख हातचा गेला, आणि त्याच वर्षीं राजास बुद्धिभ्रंश झाला. राज्यकारभार कोणी पाहावा यावरून सरदारांत तट पडले. या सरदारांपाशीं पदरची शस्त्रधारी माणसें असत. तीं धन्याचें चिन्ह अंगावर वागवीत व कायद्यापेक्षां धन्याचा शब्द मोठा मानीत. आमच्या मतें अनर्थाचें खरें मूळ हेंच.

२२ मे १४५५ रोजीं सेंट ऑल्बन्स येथें पहिली लढाई झाली. २९ मार्च १४६१ रोजीं, झावळ्यांच्या रविवारीं, टाउटन येथें भर हिमवृष्टींत घोर संग्राम झाला. वारा यॉर्कपक्षाच्या पाठीशीं असल्यामुळें त्यांचे बाण दूर जात, शत्रूचे मात्र अलीकडेच पडत. त्या जयानें चौथ्या एडवर्डाचें आसन स्थिर झालें. परंतु १४८३ सालीं तो वारल्यावर त्याच्या बारा वर्षांच्या मुलाचें राज्य त्याचा सख्खा चुलता रिचर्ड यानेंच घेतलें. हा तिसरा रिचर्ड २२ ऑगस्ट १४८५ रोजीं बॉस्वर्थच्या रणांगणावर पडला व हेन्री ट्यूडर राजा झाला.

१४८६ सालीं हेन्रीनें चौथ्या एडवर्डाची कन्या एलिझाबेथ हिच्याशीं विवाह केला, आणि दोन्ही गुलाब एका चिन्हांत मिळाले. तथापि केवळ विवाहानें शांतता टिकली नाहीं. दुसऱ्याच वर्षीं स्टोक येथें पुन्हां लढावें लागलें. पुढें हेन्रीनें सरदारांच्या खासगी फौजांस कायद्यानें आळा घातला व तो मोडणारांस जबर दंड केले. धन्याच्या शब्दाहून कायदा मोठा ठरूं लागला, तेव्हांच सामान्य रयतेस स्वस्थता लाभली. विद्यार्थ्यांनीं या युद्धांतील राजांचीं नांवें विसरलीं तरी चालेल. ही गोष्ट विसरूं नये.