एका पानावर परेड स्टेट : एक्सेलमधील 'लिंक्ड पिक्चर'

कॅडेट मित्रांनो, कॅम्प जवळ आला की ऑफिसातली एक्सेलची फाइल फुगत जाते. एका शीटवर नामावली, दुसऱ्यावर हजेरी, तिसऱ्यावर फायरिंगचे गुण, चौथ्यावर लंगरचा शिधा. कॅम्प कमांडंटना मात्र सकाळी एकच कागद हवा असतो : एकूण किती, हजर किती, आजारी किती, रजेवर किती आणि त्यावरून लंगरला किती ताटे. भिलाईत कॉम्प्युटरच्या तासाला मी सीनियर कॅडेट्सना हा कागद तयार करायला शिकवतो. तोच पाठ येथे देत आहे.

अडचण कोणती?

कंट्रोल दाबून एका शीटवरचे वेगवेगळे भाग निवडले आणि त्यांचा 'प्रिंट एरिया' ठरवला, तर एक्सेल प्रत्येक भाग वेगळ्या पानावर छापते. सगळे भाग कॉपी करून एकाखाली एक चिकटवले, तर रकान्यांची रुंदी जुळत नाही. नावाचा रकाना रुंद लागतो आणि त्याच्याच खाली येणारा गुणांचा रकाना अरुंद. शिवाय नुसते आकडे चिकटवले की ते तिथेच थांबतात. रात्री दोन कॅडेट एम.आय. रूममध्ये दाखल झाले, तर हजेरी बदलते, पण छापायचा कागद कालचाच राहतो. मग लंगरचा हिशेबही चुकतो.

उपाय

ज्यांचे आई-वडील भिलाई स्टील प्लांटमध्ये आहेत, त्यांना हे चटकन समजेल. भट्टीचे तापमान भट्टीपाशी मोजले जाते, पण आकडा कंट्रोल रूमच्या पडद्यावर दिसतो. तो पडद्यावर कोणी हाताने लिहीत नाही. लिंक्ड पिक्चरही तसेच असते. आकडे मूळ शीटवर राहतात आणि छापायच्या शीटवर त्यांचे बदलते चित्र दिसते.

कृती

१. 'छपाई' नावाची रिकामी शीट घ्या. 'पेज लेआउट'मध्ये ए४ कागद व मार्जिन ठरवा.

२. 'हजेरी' शीटवर हवा तेवढाच भाग निवडा, समजा ए१ ते ई६, आणि कॉपी करा.

३. 'छपाई' शीटवर या. 'होम' टॅबवर 'पेस्ट'खालचा बाण दाबून 'लिंक्ड पिक्चर' निवडा.

४. चित्रावर क्लिक करून फॉर्म्युला बार पाहा. तिथे बरोबरचे चिन्ह, शीटचे नाव आणि भागाचा पत्ता दिसला पाहिजे. दिसत नसेल, तर ते साधे चित्र आहे. ते काढून पुन्हा चिकटवा.

५. बाकीचे भाग असेच आणा. आल्ट दाबून ओढले की चित्र रकान्यांच्या रेषांना नीट लागते. आकार कोपऱ्याला धरूनच बदला, म्हणजे अक्षरे ताणली जात नाहीत.

६. मूळ शीटवर एक आकडा बदला. चित्रातही तो बदलला की लिंक चालू आहे. आकडा पूर्ववत करा, प्रिव्ह्यू पाहा आणि मगच छापा.

लक्षात ठेवा

चित्रात फिक्या रेषा नको असतील, तर मूळ शीटवर 'व्ह्यू' टॅबमधून 'ग्रिडलाइन्स' बंद करा. मूळ शीटवर फिल्टर लावला किंवा ओळ लपवली, तर ती चित्रातूनही जाते. म्हणून छापण्यापूर्वी फिल्टर काढा. नवा कॅडेट यादीच्या शेवटच्या ओळीखाली लिहिला, तर तो चित्रात येत नाही. यादीच्या मध्ये ओळ घालून लिहिला, तर चित्राचा पत्ता आपोआप वाढतो.

शेवटचा मुद्दा पालकांच्याही कामाचा आहे. नामावलीत फोन नंबर आणि वैद्यकीय नोंदी असतात. नोटीस बोर्डावर फक्त निवडलेला भाग जातो, हा या पद्धतीचा मोठा फायदा. पण तीच एक्सेल फाइल कोणाला पाठवली, तर मागच्या सगळ्या शीट्सही जातात. शीट लपवली तरी ती पुन्हा उघडता येते. म्हणून बाहेर पाठवताना 'छपाई' शीटची पीडीएफच पाठवा.

सराव : आपल्या हाउसची हजेरी, आठवड्याचे पीटीचे गुण आणि ड्यूटी रोस्टर तीन शीट्सवर लिहा. तिन्हींतील निवडक भाग एका ए४ पानावर आणा. मग हजेरीत दोन नावे आजारी दाखवा आणि पानावरचा हजर आकडा दोनने कमी झाला का, ते तपासा.