पंचांशी कसे बोलावे?
(मोठ्या गटासाठी)

मुलांनो, मागे शारजातल्या एका मैदानावर तुमच्यापैकी काहीजण फुटबॉल खेळत होते. रेषेबाहेर उभे राहून एक गृहस्थ पंचांवर ओरडत होते, "अरे, दिसत नाही का तुला?" ते गृहस्थ म्हणजे मी. पंच जेमतेम सतरा वर्षांचा मुलगा होता. मराठी त्याला कळत नसणार, अशी माझी समजूत. पण सूर कळायला भाषा लागत नाही. परतताना माझा मुलगा एवढेच म्हणाला, "बाबा, पुढच्या वेळी तुम्ही गाडीतच थांबा." म्हणून हा धडा मी मागून घेतला.

आधी शब्द पाहू. पंच म्हणजे मुळात पाच. गावातल्या तंट्याचा निवाडा पाच जाणती माणसे करीत. पुढे निवाडा करणारा एकटा असला तरी तो पंचच राहिला. इंग्लंडात फुटबॉलच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक संघ आपापला पंच आणी. खेळाडू त्यांच्याकडे दाद मागत आणि त्या दोघांचे एकमत झाले नाही, तर विषय मैदानाबाहेरच्या तिसऱ्याकडे सोपवला जाई. ज्याच्याकडे सोपवायचे तो 'रेफरी'. १८९१ साली त्याला मैदानात आणले आणि पुढे दाद मागण्याची गरजच संपली. क्रिकेटमध्ये ती अजून आहे. कोणी विचारल्याशिवाय पंच फलंदाजाला बाद देत नाहीत. आपली गडबड इथेच होते, असे मला वाटते. क्रिकेटची सवय घेऊन आपण फुटबॉलच्या मैदानावर जातो आणि अकराच्या अकराजण हात वर करून ओरडतो.

आपण राहतो त्या देशाचे अली बुजसैम हे १९९४, १९९८ आणि २००२ अशा तीन विश्वचषकांत पंच होते. ७ जुलै १९९८ रोजी मार्सेय येथे ब्राझील आणि हॉलंड यांचा उपांत्य सामना त्यांच्याकडे होता. १-१ अशी बरोबरी असताना, अगदी शेवटी, हॉलंडच्या व्हान होइडोंकचा सदरा मागून ओढला गेला, अशी हॉलंडची तक्रार होती. बुजसैम यांनी पेनल्टी दिली नाही. जादा वेळेनंतर पेनल्टी किकवर ब्राझील ४-२ ने जिंकला. मी ती चित्रफीत पाहिली. मला तरी सदरा ओढलेला दिसला. पण मी चार वेळा पाहिली, तीही चहा पीत. त्यांना एकदाच, धावता धावता, एकाच कोनातून दिसले होते. पुढे ३१ मे २००२ रोजी सोल येथे फ्रान्स–सेनेगल हा विश्वचषकाचा पहिलाच सामना त्यांच्यावर सोपवण्यात आला.

आता नियम. खेळातल्या घटनांबद्दल पंचांचा निर्णय अंतिम असतो. शब्दाने किंवा हावभावाने त्यावर नाराजी दाखवली तर पिवळे कार्ड, शिवीगाळ केली तर लाल. आता व्हिडिओवर निर्णय तपासतात, तर "तपासा, तपासा" म्हणून बोटांनी हवेत सारखा टीव्हीचा चौकोन काढणाऱ्यालाही पिवळे कार्ड! कर्णधाराला नियमाने खास हक्क नाही, फक्त संघाच्या वागण्याची जबाबदारी आहे. पण २०२४ च्या युरो स्पर्धेत असे ठरले, की पंचांजवळ जाऊन विचारायचे ते कर्णधारानेच. कर्णधार गोलरक्षक असेल तर आधी नेमलेल्या दुसऱ्या खेळाडूने. मला हे फार पटले. आमच्या कार्यालयात संगणक बंद पडला, की दहाजण दहा फोन करतात आणि दुरुस्ती करणारा फोनच उचलत बसतो.

बंधन पंचांवरही आहे. १४ जानेवारी २०१८ रोजी फ्रान्समध्ये नान्त–पॅरिस सामन्यात पंच टोनी शाप्राँ हे दिएगो कार्लोस या खेळाडूची धडक लागून पडले. पडल्या पडल्या त्यांनी त्याला लाथ मारण्याचा प्रयत्न केला आणि वर दुसरे पिवळे कार्ड दाखवून बाहेर काढले. नंतर ते कार्ड रद्द झाले आणि शाप्राँ निलंबित झाले.

आपल्या मुंबईतही, २० डिसेंबर २०२३ रोजी अंधेरीला, मुंबई सिटी आणि मोहन बागान यांच्या सामन्यात सात लाल कार्डे निघाली. चार मुंबईला, तीन मोहन बागानला. मुंबई २-१ ने जिंकली, पण आठवण राहिली ती कार्डांची.

आता दोन वाक्ये मोठ्याने वाचा. "हा कसला फाउल?" आणि "सर, फाउल कशाबद्दल दिलात?" दोन्हींत प्रश्नचिन्ह आहे, पण पहिल्याला उत्तर नकोच आहे.

पुढच्या सामन्याला मी त्या पंच मुलाची माफी मागितली. तो हसून "ठीक आहे, अंकल" म्हणाला. मात्र पहिली शिट्टी वाजवण्यापूर्वी त्याने एकदा माझ्याकडे पाहून घेतले.

स्वाध्याय : दाद मागणे, दाद देणे, दाद लागू न देणे, हुज्जत घालणे. यांचा वाक्यांत उपयोग करा. निदान एक वाक्य मैदानावरचे हवे.